करंगळी

गावाचं नाव आहो.
कुणी कुणाला हाक मारावी
आणि पुढे काय सांगायचं तेच विसरावं, तसं.
तांब्याची खाण मिटली त्याला चाळीस वर्षं झाली,
खड्डा अजून आ वासून.

ऑगस्टिन तिथे अकरा वर्षं भट्टीपाशी होता,
मग जन्मभर विटा आणि सिमेंट.
परवा टूसॉनला, ओळखपत्राच्या कचेरीत,
काचेच्या चौकोनावर त्याने अंगठा ठेवला.
यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा.
पुन्हा.
पुन्हा.
खिडकीतली पोर ओशाळली:
आजोबा, तुमच्या बोटांचं काही उमटतच नाही हो.

येताना गाडीत तो बोलला नाही.
नुसता अंगठा पाहत होता,
रातोरात कुणी शेत सपाट करून गेलं असावं
आणि धनी बांधावर उभा असावा, तसा.

मी थेल्मा, त्याची बायको.
ते हात मला पाठ आहेत.
हिवाळ्यात त्यांच्या भेगा माझ्या लोकरीत अडकतात,
मी ओरडते, तो हसतो.

परसात कुंपणाला लागून होहोबा आहे.
झुडूप कसलं, हट्टच तो.
पान उन्हापुढे पसरत नाही,
कडेवर उभं धरतं, सुरीच्या पात्यासारखं,
दुपारच्या उन्हाला पाठ सापडत नाही.
नर वेगळा, मादी वेगळी,
मधे निरोप्या एकच: वारा. त्यालाही घाई.
आमची मादी. नर ओढ्यापलीकडे,
कंपनीच्या तारेआड.
तरी बहुतेक वर्षी धरते.

जुलैत बिया गळतात, खाली चादर अंथरते.
उंदरांच्या आधी उठावं लागतं.
मावशी बिया वाटून भाजल्या-पोळल्यावर लेप द्यायची.
आता क्लेटसच्या पोराकडे हाताने फिरवायचा घाणा आहे,
बाटलीभर काढून देतो, निम्मी ठेवून घेतो.

तेल म्हणतात, पण ते तेल नव्हे.
मेण आहे, गोठायचा कंटाळा केलेलं.
कपाटात पडून राहिलं तरी खवट होत नाही.
शहरात त्याच्या इवल्या बाटल्या मिळतात,
वर सोनेरी अक्षरं: सुरकुत्या पळतील.
माझ्याकडे बघा. एकाहत्तर.
एकही पळालेली नाही.
फक्त आता चरचरत नाहीत.

शाळेतल्या बाई सांगत होत्या,
असलंच काहीसं पूर्वी देवमाशाच्या डोक्यातून काढत.
मासे संपत आले, बंदी आली,
तेव्हा लोकांना आमचं झुडूप आठवलं.
समुद्र मी एकदाच पाहिला, पेन्यास्कोला,
देवमासा कधीच नाही.
पण वाकून बिया वेचताना, कंबर धरली की वाटतं,
त्यातल्या एखाद्याने तरी
एवढ्यात वर येऊन श्वास घेतला असेल.

रात्री ऑगस्टिनचा हात मांडीवर घेते.
आधी ओला फडका, मग चार थेंब.
कोरड्यावर लावू नये:
हे पाणी देत नाही,
असलेलं जाऊ देत नाही, एवढंच.
आणि मुरतं असं,
की कातडीचंच होतं, कुणी उसनं नेलेलं,
आज दारात आणून दिलं.
तो म्हणतो, बास, स्टिअरिंग निसटेल.
मी म्हणते, रात्री कुठे निघालास?

बाराव्या दिवशी परत टूसॉन.
अंगठा: नाही.
तर्जनी: नाही.
उजवा हात सगळा नापास.
पोरीने मागे बघितलं, रांग वाढत होती.
शेवटी डावी करंगळी ठेवली
आणि पडद्यावर, राखाडी, बारीक,
ओढ्याच्या वाळूत पाणी वाहून गेल्यावर राहतात
तशा रेघा.

चालेल, पोर म्हणाली.

गाडीत बसल्यावर तो बराच वेळ
ती करंगळी उन्हात फिरवून बघत होता.
मग म्हणाला,
बरं झालं,
हिने कधी काम केलं नाही.